पॉवरबुक १८०, एक चौकोनी पोर्ट आणि आत्याची पत्रं

घरात जुना पॉवरबुक (ॲपलचा त्या काळचा मॅक लॅपटॉप) पडून असेल, त्यात कुणाची पत्रं, हिशेब किंवा प्रबंध अडकला असेल आणि मागचं चौकोनी पोर्ट बघून पुढे काय करावं ते सुचत नसेल, तर हा अनुभव उपयोगी पडावा. मला माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली आणि त्यातली बरीचशी एकमेकींशी जुळत नव्हती. म्हणून जसं घडलं त्याच क्रमाने लिहिते आहे. २०२३ची दिवाळी झाल्यावर काम हातात घेतलं, २०२४च्या गुढीपाडव्याच्या थोडं आधी फाइली बाहेर आल्या. मधला पुष्कळसा काळ वाट बघण्यातच गेला.

यंत्र माझ्या आत्याचं. ती अमेरिकेत एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायची, निवृत्त झाल्यावर पुण्याला परत आली. पॉवरबुक १८० तिने १९९३मध्ये घेतला. ॲपलने हे मॉडेल ऑक्टोबर १९९२मध्ये आणलं होतं: ३३ मेगाहर्ट्झचा ६८०३० प्रोसेसर, करड्या छटांचा पडदा, आणि आत्याच्या यंत्रात ८० मेगाबाइटची डिस्क. त्यावर ती आजीला मराठीत पत्रं टाइप करायची, छापून टपालाने पाठवायची. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठीचे लेखही त्यातच. आजीने जपून ठेवलेली कागदी पत्रं घर बदलताना पावसात भिजून गेली. उरल्या त्या यंत्रातल्या फाइली. "अगं, सगळं आहे त्यात, फक्त बाहेर काढता येत नाही," हे आत्याचं वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकत होते.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी केल्या. बॅटरीच्या कडेला पांढरी पूड जमली होती, म्हणून ती काढून टाकली. यंत्र नुसत्या अडॅप्टरवर चाललं. आणि अडॅप्टरवरची अक्षरं भिंगाने वाचली. आउटपुट ७.५ व्होल्ट, इनपुट १०० ते २४० व्होल्ट, म्हणजे आपल्याकडच्या प्लगवर थेट चालणारा. तुमच्या अडॅप्टरवर फक्त ११० किंवा १२० लिहिलेलं असेल तर तो तसाच लावू नका.

यंत्र चालू झालं, डिस्क कुरकुरली आणि फिरायला लागली, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, सिस्टिम ७.१, पडद्यावर आली. तारीख दाखवत होती १ जानेवारी १९०४. जुन्या मॅकचं घड्याळ तिथूनच मोजायला सुरुवात करतं, त्यामुळे आतली छोटी बॅटरी संपली की ही तारीख दिसते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली आणि फोल्डरांची नावं मोठ्याने वाचू लागली. "आई ९३", "आई ९४", "मंडळ", "गवतं". मी तिला म्हटलं, "आत्या, आज काहीच उघडू नकोस. डिस्क तीस वर्षांची आहे, आधी सगळं बाहेर काढू."

पहिला विचार अर्थातच फ्लॉपीचा. १८०मध्ये १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी ड्राइव्ह आहे. आत्याकडची एक जुनी फ्लॉपी घातली तर पडद्यावर आलं की ही डिस्क वाचता येत नाही, इनिशिअलाइझ करायची का? इथे चुकूनही "हो" म्हणायचं नाही. डिस्क बऱ्याचदा चांगली असते, ड्राइव्हचं वाचणारं डोकं (हेड) मळलेलं किंवा वंगण सुकलेलं असतं, आणि "हो" म्हटलं की उरलंसुरलंही पुसलं जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने डोकं हलकेच पुसून पाहिलं, फरक पडला नाही. तसंही ८० मेगाबाइट फ्लॉपीने हलवायचे म्हणजे पन्नासच्या वर फ्लॉप्या लागल्या असत्या.

मग राहिलं मागचं चौकोनी पोर्ट. झाकण उघडलं की बारीक छिद्रांच्या रांगा दिसतात. याला एचडीआय-३० म्हणतात. यातून स्कझी बाहेर येतं, म्हणजे त्या काळी मॅकला बाहेरची डिस्क, स्कॅनर, सीडी ड्राइव्ह जोडायची पद्धत. टेबलावरच्या मॅकला हेच स्कझी २५ पिनांच्या डीबी-२५ सॉकेटमधून यायचं. पॉवरबुकमध्ये जागा कमी, म्हणून वेगळं चौकोनी पोर्ट. त्याला लावून डीबी-२५ सॉकेट देणारा अडॅप्टर आत्याकडे एके काळी होता. घरं बदलताना हरवला.

पलीकडे काय जोडायचं हेही ठरवायला हवं होतं. जुनी झिप ड्राइव्ह (फ्लॉपीसारख्याच, पण जास्त मावणाऱ्या डिस्क चालवणारी) मिळाली असती, पण तीही तितकीच म्हातारी, शिवाय तिच्या डिस्क वाचायला पुन्हा दुसरी ड्राइव्ह हवी. बरंच वाचून मी ब्लूस्कझी घ्यायचं ठरवलं. खुल्या आराखड्यावर बनलेलं हे छोटं बोर्ड आहे, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर वापरला आहे. मेमरी कार्डावरची एक मोठी फाइल ते मॅकला खरीखुरी स्कझी डिस्क म्हणून दाखवतं. काम झालं की कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं. बाहेरून जोडायचा, डीबी-२५ असलेला प्रकार मागवला. परदेशातून येताना टपाल आणि कर धरून साधारण सहा हजार रुपये पडले.

अडॅप्टर मात्र इथेच मिळतो का ते आधी पाहिलं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दुकानं धुंडाळली, रविवारी जुन्या बाजारातही गेले. सगळीकडे एकच उत्तर. "पंचवीस पिनचं ना? हे घ्या ताई, प्रिंटरचं." एका दुकानदाराने तर केबल पिशवीत घालूनही दिली. इथे थांबून नीट सांगते, कारण यात पैसेच नाही तर यंत्रही जाऊ शकतं. प्रिंटरचं पॅरलल पोर्ट, जुनं सीरियल पोर्ट आणि मॅकचं स्कझी, तिघांचं सॉकेट एकाच मापाचं आहे. त्यामुळे चुकीची केबलही छान बसू शकते. पण आतली जोडणी सर्वस्वी वेगळी आहे. स्कझीच्या पोर्टाला पॅरललचं उपकरण जोडलं तर दोन्हीकडचे चिप जळू शकतात. झिप ड्राइव्हही दोन्ही प्रकारांत यायची आणि बाहेरून सारखीच दिसायची. मागे ५ किंवा ६ क्रमांक निवडायचं बटण असेल तर ती स्कझीची. पॅरललवाल्या ड्राइव्हला ते बटण नसतं.

शेवटी अडॅप्टरही परदेशातून मागवला, एका जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून. किंमत ३४ डॉलर, टपाल वेगळं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पार्सल निघालं, मुंबईला पोचलं आणि तिथे थांबलं. कुरिअरकडून ईमेल आली: ओळखपत्र, पॅन, खरेदीचं बिल आणि वस्तू स्वतःच्या वापरासाठी आहे असं लिहून दिलेलं पत्र. विकणाऱ्याने वर्णनात फक्त "कॉम्प्युटर पार्ट" लिहिलं होतं, त्यामुळे वस्तू नवी की वापरलेली, कशाची, कशासाठी, हे पुन्हा विचारलं गेलं. मी विक्रीच्या पानाचा फोटो, पैसे भरल्याची पावती आणि चार ओळींचं स्पष्टीकरण एकाच पीडीएफमध्ये जोडून पाठवलं. त्यानंतर प्रश्न आला नाही. तुम्ही मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा की वर्णनात "वापरलेली संगणक केबल" असं पूर्ण लिही आणि बिल खोक्याच्या बाहेर पाकिटात चिकटव. कर आणि कुरिअरचं शुल्क मिळून दीड हजाराच्या आसपास दारात भरले. पावती सांभाळून ठेवा. मोजणीत फरक वाटला तर तिच्याशिवाय काही बोलता येत नाही. पार्सल हातात आलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. ब्लूस्कझी त्याच्या आधीच येऊन कपाटात पडलं होतं.

आता जोडणीचं. स्कझीला एक नियम आहे जो यूएसबीची सवय झालेल्या माणसाला विसरायला होतो: चालू यंत्रात काहीही लावायचं नाही आणि काढायचं नाही. पॉवरबुक झाकण लावून झोपवला म्हणजे बंद झाला असंही नाही. मेन्यूतून नीट शट डाउन करा, विजेचा अडॅप्टर काढा, मग हात लावा. दुसरी गोष्ट क्रमांकांची. स्कझीवर प्रत्येक उपकरणाला ० ते ७ यातला एक क्रमांक असतो. यंत्र स्वतः ७, आतली डिस्क ०. बाहेरच्या उपकरणाला हे दोन सोडून कुठलाही द्यावा. ब्लूस्कझीत क्रमांक फाइलच्या नावातून ठरतो. मी कार्डावरच्या त्या मोठ्या फाइलचं, म्हणजे डिस्क इमेजचं, नाव एचडी३०ने सुरू केलं, म्हणजे क्रमांक ३. दोन उपकरणांना एकच क्रमांक पडला तर यंत्र सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन आतली डिस्कही दिसेनाशी होते, आणि माणसाला वाटतं डिस्क गेली.

अडॅप्टर लावला, त्यावर बोर्ड, मेमरी कार्ड आत, यंत्राचं बटण दाबलं. सुरू होताना दिसणारं नेहमीचं हसऱ्या मॅकचं चिन्ह आलंच नाही. काळ्या पडद्यावर स्कझीचं मोठं चौकटीसारखं चिन्ह आलं, त्यात एक अंक, आणि ते चिन्ह थोड्या थोड्या वेळाने जागा बदलत राहिलं. आत्या घाबरली. मीही. पटकन बंद केलं, अडॅप्टर काढला, पुन्हा चालू केलं. यंत्र व्यवस्थित सुरू झालं, फोल्डर जागच्या जागी. मग जरा जिवात जीव आला.

ते चिन्ह म्हणजे बिघाड नव्हता, डिस्क मोड होता. पॉवरबुक १८०सारख्या काही मॉडेलांना दुसऱ्या मॅकला जोडून स्वतःच बाहेरची डिस्क बनता येतं. त्यासाठी ॲपलने दोन वेगळ्या केबली विकल्या. फिकट करड्या केबलला २९ पिना. ती लावली की बाहेरची उपकरणं जोडता येतात. गडद करड्या केबलला पूर्ण ३० पिना. ती लावली की पॉवरबुक डिस्क मोडमध्ये जातो. सगळा फरक पहिल्या पिनेत. ती पिन आहे की नाही हे बघूनच यंत्र आपण कोण व्हायचं ते ठरवतं. (१४०, १४५, १४५बी, १५० आणि १७० यांना डिस्क मोड नाही, तेव्हा तिथे हा घोळ होणार नाही.) ॲपलच्या केबली रंगावरून ओळखता येतात, पण इतर कंपन्यांच्या अडॅप्टरांचा रंग काहीही सांगत नाही. काहींवर दोन्हींसाठी बारीक खटका असतो, माझ्यावर नव्हता. उन्हात बसून भिंगाने पिना मोजल्या. तीस.

विकणाऱ्याला लिहिलं. त्याने सभ्यपणे अर्धे पैसे परत दिले, पण २९ पिनांचा त्याच्याकडे नव्हता. दुसरीकडून मागवायचा म्हणजे पुन्हा तेच पार्सल, तेच कागद, आणखी दीड महिना. जुना स्कझीवाला मॅक कुणाकडे असता तर डिस्क मोडचाच उपयोग करून घेता आला असता. ओळखीत विचारलं, कुणाकडे नव्हता. मग मी सदाशिव पेठेतल्या एका काकांकडे गेले. ते एका उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेत, घरी ऑसिलोस्कोप दुरुस्त करतात. त्यांनी अडॅप्टर हातात घेऊन आधी विचारलं, "पहिली पिन कुठली, हे तुला नक्की माहीत आहे?"

हा प्रश्न महत्त्वाचा निघाला. आकृत्यांमध्ये कधी पोर्टाचं तोंड काढलेलं असतं, कधी प्लगचं, आणि दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिमा. उलट बाजूची पिन काढली तर अडॅप्टर कायमचा वाया. काकांनी मला घरी परत पाठवलं नाही. त्यांच्याच संगणकावर ॲपलच्या मूळ फिकट केबलचा समोरून काढलेला फोटो शोधायला लावला. त्यात एक कोपरा रिकामा दिसतो. प्लगची कापलेली कड कुठे येते ते पाहून आमचा अडॅप्टर तसाच धरला आणि त्या जागेवर मार्करने ठिपका केला.

"कापायची नाही. कापली तर बुडखा राहतो, तोही टेकू शकतो. वाकवायची तर मुळीच नाही," काका म्हणाले. अडॅप्टर छोट्या शिकंज्यात मऊ कापड गुंडाळून घट्ट धरला, दिव्याखाली भिंग बसवलं आणि टोकदार चिमट्याने ती एकच पिन सरळ रेषेत ओढू लागले. पहिल्यांदा चिमटा सटकला. मग त्यांनी सोल्डरिंग आयर्नचं टोक पिनेला क्षणभर टेकवलं, आतलं प्लास्टिक जरा सैल झालं असावं, आणि पिन अलगद बाहेर आली. केसापेक्षा थोडी जाड, सोनेरी. मल्टिमीटरने शेजारच्या पिना एकमेकींना चिकटल्या नाहीत ना ते तपासलं. पिन मी पाकिटात घालून वर तारीख आणि "अडॅप्टरची पहिली पिन" असं लिहून ठेवलं आहे, पुढे कुणी हा अडॅप्टर वापरेल त्याला कळावं म्हणून. काकांनी पैसे घेतले नाहीत. "पत्रं निघाली की एक वाचायला आण," म्हणाले.

घरी आल्यावर पुन्हा जोडणी. या वेळी हसरा मॅक आला, डेस्कटॉप आला, पण नवी डिस्क कुठेच नाही. बोर्डावरचा दिवाही लागला नव्हता. दिवा न लागणं हीच इथली खूण होती. मेमरी कार्डाचा किंवा फाइलच्या नावाचा घोळ असता तर निदान दिवा तरी लुकलुकला असता. दिवाच नाही म्हणजे बोर्डाला वीजच नाही.

स्कझीत टर्मिनेशन नावाचा प्रकार आहे. तारेच्या दोन्ही टोकांना ठरावीक प्रतिकार लावावे लागतात, नाहीतर संदेश टोकावरून उलटा परततो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. त्या प्रतिकारांना चालवायला एका तारेतून ५ व्होल्टच्या आसपास वीज दिली जाते, तिला टर्मिनेटर पॉवर म्हणतात. टेबलावरचे बहुतेक मॅक ती देतात, आणि ब्लूस्कझी तिच्यावरच चालतं. पॉवरबुकवाल्यांनी मात्र बॅटरी वाचवायला ती दिलेलीच नाही. खात्री करायला मी अडॅप्टरच्या डीबी-२५ सॉकेटवर २५व्या छिद्रात मल्टिमीटरची सुई धरली, दुसरी बाहेरच्या धातूच्या कडेला. काटा जवळपास शून्यावरच. (सुई शेजारच्या छिद्राला लागू देऊ नका, टोकाला टाचणी बांधली की सोपं जातं.)

उपाय सोपा होता. बोर्डावर यूएसबीचं छोटं पोर्ट आहे, तिथे फोनचा साधा चार्जर लावायचा. क्रम मात्र पाळायचा: आधी बोर्डाला वीज, दिवा लुकलुकून शांत झाला की मग पॉवरबुक. बंद करताना उलट. हे कळायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि हे वाचून कुणाची ती वाचली तर बरं वाटेल.

डेस्कटॉपवर दुसरी डिस्क उमटली. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

सगळ्यात आधी "आई ९३" ओढून नव्या डिस्कवर टाकलं. छोट्या फाइली भराभर गेल्या, मग एका मोठ्या फाइलवर कॉपीची पट्टी अडली आणि बाण गोठला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. कधी वेगळ्या फाइलवर, पण मोठ्याच. इथे मला वाटू लागलं की आतली डिस्कच जात आहे. पण तसं असतं तर तीच फाइल प्रत्येक वेळी अडली असती. अडणारी फाइल बदलत होती, म्हणजे संशय वाटेवर घ्यायला हवा होता. मेमरी कार्डावर ब्लूस्कझी लॉगची एक टेक्स्ट फाइल लिहितं. ती लॅपटॉपवर उघडली तर डिस्क इमेज सापडल्याचं, क्रमांक ३ मिळाल्याचं सगळं नीट होतं. मग नजर गेली पॉवरबुक आणि बोर्डाच्या मधल्या केबलवर. टेबलावर बोर्ड लोंबकळू नये म्हणून मी तपकीर गल्लीतून २५ पिनांची एक एक्स्टेन्शन केबल ऐंशी रुपयांना घेतली होती, पंचवीसही तारा जोडलेली, मल्टिमीटरने तपासून. जोडणी बरोबर होती. पण आत तारा नुसत्याच समांतर, पिळलेल्या नाहीत, आवरण नाही, लांबी दीड मीटर. छोट्या कामाला ती चालायची, सलग मोठा ओघ सुरू झाला की गोंधळायची.

केबल काढली. बोर्ड थेट अडॅप्टरवर बसवलं आणि त्याखाली आत्याच्या जुन्या डायऱ्यांची चवड लावून आधार दिला, म्हणजे भार पोर्टावर येणार नाही. तीच मोठी फाइल एका दमात गेली. त्यानंतर एकदाही अडलं नाही.

एक अडचण वेगळीच होती. या यंत्राचा पडदा पाऊण तास चालला की कडांनी काळवंडत यायचा आणि मधला गोलच तेवढा दिसायचा. या काळातल्या या प्रकारच्या पडद्यांचं हे जुनं दुखणं आहे. बंद करून थंड होऊ दिलं की परत येतो. म्हणून मी कॉपीचे टप्पे पाडले: आधी पत्रं, मग मंडळाचे लेख, मग "गवतं", आणि सगळ्यात शेवटी सिस्टिम फोल्डर. तुमच्या पडद्याचं असं नसलं तरी क्रम हाच ठेवा. जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी.

सिस्टिम फोल्डर कशाला, असं वाटेल. मराठीसाठी. आत्याची पत्रं युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट नसेल तर फाइलमध्ये निव्वळ रोमन अक्षरं आणि चिन्हांचा पसारा दिसतो. सिस्टिम ७.१पासून फॉन्टला वेगळा फोल्डर आहे, सिस्टिम फोल्डरच्या आत. तो आणला नाही तर पत्रं आणूनही वाचता येणार नाहीत. आणि त्या फॉन्टचा सगळा मजकूर फाइलच्या रिसोर्स फोर्क नावाच्या दुसऱ्या कप्प्यात असतो. साध्या पद्धतीने कॉपी केलं तर तो कप्पा गळून जातो, फाइल शून्य बाइटची होते. मी कार्डावरची डिस्क इमेज आधी जशीच्या तशी लॅपटॉपवर घेतली, एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक भावाकडे नाशिकला. मग लिनक्सवर एचएफएस (जुन्या मॅकची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) वाचणारे एचएफएसयुटिल्स हे प्रोग्राम वापरून फाइली मॅकबायनरी स्वरूपात बाहेर काढल्या, म्हणजे दोन्ही कप्पे एकत्र राहतात. नवीन मॅक असेल तर एक लक्षात ठेवा: मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपासून जुनं एचएफएस वाचता येत नाही.

पत्रं वर्ड ५.१मध्ये, काही लेख क्लॅरिसवर्क्समध्ये. दोन्ही लिबरऑफिसने उघडली, तेही फुकट. इंग्रजी मजकूर लगेच वाचता आला. मराठीचं काम तिथून पुढे सुरू झालं. पॉवरबुक आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले, पॉवरबुकवर तेच पत्र मूळ फॉन्टमध्ये उघडलं, आत्या वाचत गेली आणि मी प्रत्येक रोमन चिन्हासमोर मराठी अक्षर लिहीत गेले. १९९४च्या एका पत्रात तिने आजीला तिथल्या पहिल्या बर्फाबद्दल लिहिलं होतं आणि खाली विचारलं होतं की अंगणातल्या प्राजक्ताला यंदा फुलं किती. ते वाचताना तिचा आवाज बदलला, पण ती थांबली नाही. "लिही, पुढचं अक्षर लिही," म्हणाली.

सुटी अक्षरं सोपी आहेत. ऱ्हस्व वेलांटी या फॉन्टमध्ये व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर यायला हवी, म्हणून नुसती अदलाबदल पुरत नाही, जागाही हलवावी लागते. जोडाक्षरात तर वेलांटी पूर्ण जोडाक्षरावरून पुढे न्यावी लागते. रफार त्याच्या उलट: टाइप नंतर केलेला, जायला हवा आधी. माझ्या भाच्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून दिला, तो वेलांट्या आता नीट हलवतो. "आई ९३" पूर्ण झालं, त्यातलं एक पत्र छापून काकांना सदाशिव पेठेत देऊन आले. रफार अजून कुठे कुठे चुकीच्या अक्षरावर बसतात; अशा शब्दांची यादी छापून आत्याला दिली आहे. ती पेन्सिलने दुरुस्त करते आहे, यादी परत आली की "आई ९४" चालवायचं.